पायी नर्मदा परिक्रमा: कुठून निघावं, काय न्यावं आणि गाडं नेमकं कुठे अडतं

प्रश्न असा आहे: नवरा-बायको दोघं, वय ५६ आणि ५२. रोज सकाळी चालायची सवय आहे, पण सलग दोन दिवसांपेक्षा जास्त कधी चाललेले नाहीत. कार्तिकी एकादशीनंतर पायी नर्मदा परिक्रमेला निघायचं आहे. सुरुवात कुठून करावी, दिवस किती धरावेत, शूलपाणीची झाडी, म्हणजे वाटेतला सातपुड्याचा जंगलपट्टा, टाळावी का, ओझं किती न्यावं आणि लोक मध्येच परत का येतात?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकी सगळी तयारी त्याच्याभोवती फिरते. घरून निघताना भीती असते ती शूलपाणीच्या झाडीची, समुद्राची आणि जंगलातल्या जनावरांची. परत येणारी माणसं मात्र बहुतेक वेळा पहिल्या दहा-पंधरा दिवसांत परततात. कारण असतं टाचेवरचा फोड, खांद्याला रुतलेला पट्टा, सुजलेला गुडघा नाहीतर बिघडलेलं पोट. श्रद्धा कमी पडलेली नसते, पाय कमी पडलेले असतात. म्हणून या उत्तरात पायांवर जास्त लिहिलं आहे.

आधी नियम, कारण वाट त्यातूनच तयार होते. नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ती कुठेही ओलांडायची नाही. ना पुलावरून, ना होडीतून. दक्षिण तटाने पश्चिमेकडे जायचं, समुद्राशी, म्हणजे नदी संपते तिथे, नावेने तट बदलायचा, उत्तर तटाने पूर्वेकडे अमरकंटकला जायचं आणि उगमाला वळसा घालून पुन्हा दक्षिण तटाला यायचं. उपनद्या ओलांडायला हरकत नाही. नर्मदेच्या पात्रातल्या बेटावर जाणंही नियमात बसत नाही, आणि ओंकारेश्वरला नेमकी इथेच गफलत होते. ज्योतिर्लिंगाचं मंदिर बेटावर आहे, ममलेश्वर दक्षिण तटावर. ओंकारेश्वराचं दर्शन संकल्पाच्या आधी उरकून घ्या. गोमुख घाटावर संकल्प करून कुपीत, म्हणजे परिक्रमाभर जवळ बाळगायच्या छोट्या बाटलीत, नर्मदेचं जल भरलं की बेटाकडे जाणारा पूल परिक्रमा पूर्ण होईपर्यंत बंद.

नदीची लांबी १,३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही तट मिळून २,६२४. पण तुम्ही नदीच्या रेषेवरून चालत नाही. धरणांचे फुगवटे, उपनद्यांचे वळसे आणि डोंगरातल्या वाटा धरल्या तर चाल ३,००० किलोमीटरच्या आसपास किंवा थोडी वरच जाते. दिवसाला सरासरी २० ते २२ किलोमीटर आणि दर आठ-दहा दिवसांनी एक दिवस विश्रांती धरली की १५० ते १६० दिवस होतात. शास्त्रोक्त मुदत ३ वर्षं ३ महिने १३ दिवसांची सांगतात, त्यात चातुर्मासात एका जागी थांबणं येतं. एकाच हंगामात करायची असेल तर कार्तिकी ते आषाढी एवढीच खिडकी आहे. तुमचे १६० दिवस त्यात आरामात बसतात, तेव्हा १०० दिवसांत संपवायचा हट्ट नको. १०० दिवसांचा हिशेब म्हणजे रोज ३० किलोमीटर, आणि पन्नाशीनंतरचे गुडघे तो महिनाभरात फेटाळून लावतात.

सुरुवातीसाठी अमरकंटक, नर्मदापुरम, नेमावर, ओंकारेश्वर, महेश्वर या जागा नेहमीच्या. हवामानाच्या दृष्टीने अमरकंटक खरं तर उत्तम, कारण कडाक्याची थंडी पडायच्या आत तुम्ही पठार उतरता आणि शेवटचा उन्हाळा पुन्हा उंचावर, सालवनात काढता. तरीही तुमच्यासारख्या पहिलटकरांना मी ओंकारेश्वर सुचवतो. इंदूर आणि खंडवा दोन्हींकडून पोचायला सोपं आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पहिले दहा दिवस निमाडच्या सपाट, वस्तीच्या मुलखातून जातात. दर चार-सहा किलोमीटरवर गाव, चहा, आश्रम. पाय तयार होईपर्यंत चूक परवडते. अमरकंटकच्या बाजूला उतार, जंगल आणि विरळ वस्ती, तिथे दुसऱ्याच दिवशी पाय सोलला तर पंचाईत होते.

निघायचा दिवस एकादशीच धरायला हवा असं नाही. एकादशी ते पौर्णिमा शेकडो लोक एकदम निघतात, पुढचे आठ-दहा मुक्काम भरून वाहतात, झोपायला ओसरीचा कोपरा आणि संडासाला रांग. पौर्णिमेनंतर सहा-सात दिवसांनी निघालात तर तीच वाट निवांत मिळते. निघण्याआधी ओंकारेश्वरच्या नगर परिषदेकडून किंवा तुमच्या आश्रमाकडून परिक्रमावासी असल्याचं पत्र करून घ्या. आधारकार्डाच्या प्रती आणि पासपोर्ट आकाराचे चार-पाच फोटो जवळ ठेवा. वाटेत मुक्कामाच्या जागी त्या पत्रावर शिक्के घेत जायचं. समुद्र पार करताना हेच पत्र विचारलं जातं.

आता तयारी. निदान तीन महिने. पहिल्या महिन्यात आठवड्यातून पाच दिवस ६ ते ८ किलोमीटर, पाठीवर काही नाही. दुसऱ्या महिन्यात ३ किलोची पिशवी आणि रविवारी १५ किलोमीटर. तिसऱ्या महिन्यात पूर्ण वजनाची पिशवी घेऊन ओळीने तीन दिवस २०-२० किलोमीटर, आणि हे निदान दोनदा. खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी सकाळी होते. पहिल्या दिवशी २० कोणीही चालतं. तिसऱ्या दिवशी पाऊल टेकताना टाचेत कळ आली, तर तळव्याचा ताण आहे, आणि तो घरीच बरा करून निघायचा. निम्मी चाल डांबरावर आणि निम्मी कच्च्या वाटेवर करा, दोन्हींचे स्नायू वेगळे दुखतात.

पाठीवरचं वजन शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास, पाणी सोडून. म्हणजे तुमचं ७ किलो आणि ताईंचं ५.५ ते ६. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून कागदावर आकडा लिहा, अंदाज कायम चुकतो. कमरपट्टा असलेली ४५ लिटरची पिशवी साधारण सव्वा किलोची असते. ५ अंशांपर्यंत चालणारी स्लीपिंग बॅग सव्वा किलो, फोमची चटई ४०० ग्रॅम. अंगावरचा एक आणि पिशवीतला एक असे कपड्यांचे दोनच जोड, स्वेटर, कानटोपी, पंचा. ताट, पेला, चमचा. मच्छरदाणी, बॅटरी, दहा मीटर नायलॉनची दोरी, औषधांचा डबा, पॉवरबँक. आणि हातात काठी, जी दंड म्हणून परंपरेतही आहेच. दोघं असल्यामुळे एकच पातेलं, एकच औषधपेटी, एकच चार्जर पुरतो. जास्तीचं वजन कशाचं होतं ते ठरलेलं आहे: तिसरा ड्रेस, पोथ्या, पूजेची पितळी भांडी आणि घरून दिलेले लाडू-चिवडा. खाणं वाटेत मिळतं. पोथी मोबाइलमध्ये घ्या, किंवा रोज वाचायचा एवढाच भाग छापून न्या.

बुटांबद्दल. चालून चालून पाऊल पसरतं आणि दुपारी सुजतं, म्हणून नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे घ्या. खरेदी संध्याकाळी करा आणि निघण्याआधी त्यात निदान १०० किलोमीटर चाला. निव्वळ सुती मोजे घाम धरून ठेवतात. ओली कातडी मऊ पडते आणि घर्षणाने सुटते, फोड असाच येतो. सिंथेटिक किंवा लोकर मिसळलेले मोजे घ्या, तीन जोड. दर तासाला पाच मिनिटं थांबून बूट-मोजे काढायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, वाळू झटकायची. तळव्यावर कुठे चटका लागल्यासारखं वाटलं की त्याच क्षणी थांबायचं, पुढच्या गावापर्यंत रेटायचं नाही. जागा कोरडी करून मायक्रोपोअर पट्टी लावायची, कोपरे कात्रीने गोल करून, म्हणजे ते मोज्यात अडकून उचकटत नाहीत, आणि सुरकुती एकही नको, कारण पट्टीची सुरकुतीच दुसरा फोड आणते. छोटा फोड फोडू नका. मोठा, ताणलेला असेल तर सुई स्पिरिटने पुसून कडेला भोक पाडा, पाणी दाबून काढा, वरची कातडी तशीच राहू द्या आणि जंतुनाशक लावून झाका. वारीत फोडातून दोरा ओवून तो आत ठेवायची पद्धत आहे. ती इथे करू नका, त्या दोऱ्यावरून माती आणि जंतू आत जातात आणि नर्मदेच्या काठावर दवाखाना कधी कधी दोन दिवसांच्या चालीवर असतो. मधुमेह असेल तर फोडाला स्वतः हात लावायचाच नाही, आणि रोज झोपताना दुसऱ्याकडून तळवे तपासून घ्यायचे. अनवाणी चालायची इच्छा असेल तर ती घाटांवर आणि वाळूत पुरी करा. डांबरावर आणि गोखरूच्या काट्यांत नको.

पहिल्या दहा दिवसांचा सगळ्यात मोठा सापळा म्हणजे निमाडची सपाट वाट. कापूस, मिरची, केळीच्या बागा, हवा छान, उत्साह ताजा, आणि तिसऱ्याच दिवशी माणूस २८-३० किलोमीटर चालून जातो. श्वास साथ देतो, पण सांध्यांना या कामाची सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिले सात दिवस १५ किलोमीटरच्या वर जाऊ नका, दुपारी बारालाच मुक्कामाचं गाव आलं तरी थांबा. वाटेत बकावा गाव लागेल, नर्मदेतले बाणलिंगाचे दगड घासून शिवलिंगं करणारं. तिथे थोडा वेळ काढा, पण घेऊ नका काही. दगड जड असतो आणि अजून पाच महिने जायचे आहेत.

बडवानीजवळच्या राजघाटापासून पुढे शूलपाणीची झाडी. हा सातपुड्याचा मुलूख. इथे नर्मदा ३५ किलोमीटर मध्य प्रदेश-महाराष्ट्राची आणि पुढे ३९ किलोमीटर महाराष्ट्र-गुजरातची सीमा होऊन वाहते, म्हणजे नंदुरबार जिल्ह्याचा धडगाव-अक्कलकुवा भाग. पूर्वी इथे परिक्रमावासींचं सगळं लुटलं जाई. आज त्याच डोंगरातली भिल्ल आणि पावरा घरं चहा देतात, वाट दाखवतात. म्हणून टाळू नका, पण अंगात जोर नसेल तर जाऊही नका. साधारण बोरखेडी, घोंगसा, भादल, खापरमाळ, भमाणा, बिलगाव अशी वाट जाते आणि पुढे माथासर, झरवाणीवरून सरदार सरोवर धरणाजवळच्या गोरा गावाला उतरते. आठ ते दहा दिवस. चढ सरळ अंगावर येतात आणि उतारावर मुरमाचे बारीक खडे चेंडूसारखे घरंगळतात. गुडघे जातात ते उतारावर. पावलं आखूड टाकायची, गुडघा किंचित वाकलेला, काठी आधी खाली टेकवून मग पाय. मोबाइलला कित्येक तास रेंज नसते. घरं एकेका टेकडीवर एकेकटी, त्यामुळे 'पुढचं गाव' म्हणजे चार टेकड्याही असू शकतात. इथला नियम: दुपारी तीननंतर नवा डोंगर सुरू करायचा नाही. वाट फुटली आणि खूण दिसली नाही तर शेवटच्या घरापर्यंत मागे यायचं.

झाडी नको असेल तर रस्त्याची वाट आहे: बडवानीहून पानसेमल, खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा, सागबारा, डेडियापाडा करत राजपीपळा. मराठी मुलूख, दवाखाने, मुक्कामाची सोय चांगली. किंमत एवढीच की नर्मदा कित्येक दिवस दिसत नाही आणि सगळी चाल डांबरावर. पहिल्या पंधरवड्यात गुडघा दुखायला लागला असेल तर बिनदिक्कत हीच धरा.

झाडीत किनाऱ्याची जुनी वाट का नाही, असा प्रश्न पडेल. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आहे आणि पावसाळ्यानंतर जलाशय भरलेला असतो. जुनी वाट, जुनी गावं, मूळचं शूलपाणेश्वर मंदिर सगळं पाण्याखाली. मंदिर गोऱ्याला नव्याने बांधलं आहे. नदीवर बरगी, इंदिरासागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर अशा मोठ्या जलाशयांच्या भागात हेच घडतं: काठ हरवतो, वाट आत जाते, आणि उपनदीच्या मुखात फुगवटा शिरल्यामुळे तिचं पात्र समुद्रासारखं पसरतं. तिथे होडीने पलीकडे जायचा मोह होतो. ते पाणी नर्मदेचंच मानून जाणकार तसं करत नाहीत. जिथे उपनदी स्वतःच्या पात्रात वाहते तिथपर्यंत वर जाऊन पूल किंवा उतार धरतात. जुने नकाशे आणि पाच वर्षांपूर्वीची वर्णनं या भागात निरुपयोगी, मागच्या मुक्कामाला आलेल्या माणसाला विचारणं हाच नकाशा.

धरणांचा दुसरा परिणाम जास्त गंभीर आहे. खालच्या बाजूला वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की आकाशात ढग नसताना नदी चढते. एप्रिल २००५ मध्ये धाराजीच्या घाटावर अमावस्येच्या जत्रेला जमलेले कितीतरी यात्रेकरू अशाच अचानक आलेल्या पाण्यात वाहून गेले. म्हणून वाळूच्या बेटावर किंवा पाण्यालगतच्या वाळवंटात आसन लावायचं नाही. स्नान घाटाच्या पायऱ्यांवर, हाताने काही धरून. भोंगा वाजला की सामान सोडून वर यायचं. खडकांवरचं शेवाळ आणि घाट संपल्यावरची एकदम खोल होणारी कड यांनी चांगल्या पोहणाऱ्यांनाही फसवलं आहे.

गोऱ्यापासून समुद्रापर्यंत नऊ-दहा दिवस. राजपीपळ्याच्या बाजूचा केळी-ऊसाचा पट्टा सुखाचा, अंकलेश्वरनंतर कारखाने, ट्रक, आणि पुढे खारं पाणी. भरतीचं पाणी नदीत आत येतं, तेव्हा इथे नदीच्या पाण्यावर विसंबू नका, दोघांत चार लिटर भरून घ्या. विमलेश्वर-कठपोरच्या बाजूने नाव निघते आणि उत्तर तटावर मिठीतलाईला लागते. नाव भरतीवर चालते, घड्याळावर नाही. नोंदणी करून एक ते तीन दिवस थांबावं लागू शकतं, आणि बोलावणं पहाटे तीनलाही येतं. प्रवास साधारण तीन-चार तासांचा. आदल्या रात्री हलकं खा, पाणी बेताने प्या, उलटीची सवय असेल तर गोळी अर्धा तास आधी घ्या. सगळं सामान प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, एकीत दुसरी, मग पाठपिशवीत. चढता-उतरताना पिंढरीपर्यंत चिखल असतो. बूट काढून गळ्यात अडकवा आणि काठीने चाचपत एकेक पाऊल टाका, पाय ओढून काढताना घाई केली की माणूस बसतोच. लाइफजॅकेट मागून घ्या. रेवासागर संगमावर कुपीतलं थोडं जल अर्पण करून तेवढंच सागराचं भरून घेतात. कुपी १००-२०० मिलिलिटरची, घट्ट आट्यांच्या झाकणाची असावी, झाकणावर मेण किंवा टेप. सांडलेली कुपी हे मनाला लागणारं दुःख असतं, आणि ते दोन रुपयांच्या टेपने टळतं.

उत्तर तट सुरू झाला की निम्म्याहून जास्त चाल अजून शिल्लक आहे हे लक्षात ठेवा. दहेजच्या औद्योगिक रस्त्यांवर अवजड वाहतूक असते. समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या कडेने चाला, पिशवीवर चमकणारी पट्टी शिवा, धुकं असेपर्यंत निघू नका. भरूच, शुक्लतीर्थ, नारेश्वर, चांदोद करत गरुडेश्वर येतं. सावंतवाडीजवळच्या माणगावचे वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी १९१४ मध्ये इथे समाधिस्थ झाले. मराठी परिक्रमावासींचं हे मोठं ठिकाण, एक पूर्ण दिवस विश्रांतीसाठी इथेच राखा. कपडे धुवा, बुटांचे तळ पाहा, झिजले असतील तर बडोद्याहून मागवा, पुढे डोंगर आहेत. हापेश्वर-अलीराजपूरचा पट्टा म्हणजे शूलपाणीचीच उत्तर बाजू. मग कुक्षी, कोटेश्वर, धरमपुरी, महेश्वर, मंडलेश्वर. बडवाह ते नेमावर जयंती मातेचं सागाचं जंगल, एकेकट्याने नको. नेमावर हे नर्मदेचं नाभिस्थान मानतात.

नेमावरपासून बरमान-भेडाघाटपर्यंत काळ्या मातीचा, गहू-हरभऱ्याचा सपाट मुलूख. इथे किनारा धरावा की रस्ता, हा रोजचा प्रश्न. किनाऱ्याने नदीची सोबत, सावली, गावकऱ्यांचं प्रेम. पण काळ्या मातीत नाल्यांनी पाडलेल्या पाच-सात मीटर खोल घळी दर दोन किलोमीटरवर आडव्या येतात आणि नकाशावरचे १० किलोमीटर १५ होतात. पाऊस पडला असेल तर ती माती बुटाला किलोकिलोने चिकटते. कोरड्यात किनारा, ओल्यात रस्ता, एवढं धोरण पुरे. माघ शुद्ध सप्तमीला नर्मदा जयंती असते, त्या दिवशी चाल कमी ठेवून एखाद्या छोट्या गावाच्या घाटावर थांबा. मोठ्या घाटांवर फक्त गर्दी मिळते.

जबलपूरच्या ग्वारीघाटानंतर बरगीचा फुगवटा, मंडला, दिंडोरी आणि चढत चढत १,०५७ मीटरवरचं अमरकंटक. सागाऐवजी साल दिसायला लागला की समजा पठार आलं. तुम्ही मार्चच्या सुमारास इथे असाल. मोहाची फुलं गळायचा काळ, आणि अस्वलं ती खायला पहाटे झाडाखाली येतात. ऊन वर आल्याशिवाय जंगलवाट धरू नका, दोघांनी बोलत चाला. अमरकंटक मिठीतलाईपेक्षा सुमारे नऊ रेखांश पूर्वेला आहे, त्यामुळे सूर्य पस्तीसेक मिनिटं आधी उगवतो आणि आधी मावळतो.  उगमाच्या कुंडाला लगेच वळसा मारायचा नाही. त्याच्याही पूर्वेला असलेल्या माई की बगियाच्या मागून फिरून दक्षिण तटाला यायचं, कारण मूळ उगम तिथला मानतात. कुपीतलं जल पुन्हा इथे बदलायचं.

परतीचा दक्षिण तट एप्रिलच्या उन्हात येतो. पहाटे साडेचारला निघून साडेनऊला थांबा, दुपार झाडाखाली, मग पाच ते साडेसहा. घाम गेल्यावर नुसतं पाणी पिऊन चक्कर येते. एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, दिवसाला निदान एक बाटली. चमचा चहाचा, आणि मीठ अंदाजाने टाकायचं नाही. नरसिंहपूरकडे गक्कड-भरता, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली जाड रोटी आणि वांग्याचं भरीत, मिळेल, तो चुकवू नका. नर्मदापुरमच्या सेठाणी घाटानंतर हंडिया, आणि हंडिया सोडलं की इंदिरासागरमुळे काठ सुटतो. जुनं हरसूद २००४ मध्ये बुडालं. वाट छनेराच्या नव्या हरसूदकडून, पाण्याने वेढलेल्या संत सिंगाजींच्या समाधीवरून पुनासाकडे जाते.

पोटाचं थोडं. बहुतेक आश्रमांत बालभोग, म्हणजे सकाळची न्याहारी, आणि दोन वेळची भोजनप्रसादी मिळते. काही ठिकाणी सदाव्रत, म्हणजे कणीक, डाळ, मीठ-मिरची कोरडी देतात आणि रांधायचं आपण. तेव्हा टिक्कड, म्हणजे जाड रोटी, करता येणं गरजेचं. दोघांना ४०० ग्रॅम कणीक, मीठ, घट्ट मळून बोटभर जाड थापायचं. तव्यावर दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटं, वरचं कवच धरेपर्यंत. मग निखाऱ्यांच्या कडेला उभं ठेवून फिरवत दहा-बारा मिनिटं. बोटाने वाजवलं की पोकळ आवाज आला पाहिजे. ज्वाळेवर भाजलं तर वरून करपतं, आत कच्चं राहतं, आणि त्या कच्च्या कणकेने दुसऱ्या दिवशी पोट धरतं. पिण्याचं पाणी हातपंपाचं किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास ठेवलेलं. तीर्थ म्हणून आचमन करा, तहान त्यावर भागवू नका.

मुक्कामाची रीत साधी आहे. पोचल्यावर 'नर्मदे हर' म्हणायचं, 'किती मूर्ती?', म्हणजे किती माणसं, असं विचारलं की दोन सांगायचं, दाखवतील तिथे आसन लावायचं. पाचच्या आत पोचा, उशिरा आलेल्यासाठी चूल पुन्हा पेटवावी लागते. जागा सोडताना झाडून द्या, भांडी स्वतः घासा, जमेल तेवढी दक्षिणा ठेवा. झाडीतली जी घरं तुम्हाला चहा देतात त्यांच्याकडे दूध विकत आणलेलं असतं, हे जाणून घ्या आणि साखर-चहापत्तीचा पुडा जवळ ठेवून त्यांना द्या. पोरांना चॉकलेट वाटत जाऊ नका. तुमच्या मागून येणाऱ्या प्रत्येकाच्या मागे ती मुलं धावतात आणि रॅपर नदीत जातात. साबण, शांपू, प्लास्टिकमधले दिवे पाण्यात नकोत. शौच पाण्यापासून निदान ७०-८० पावलं दूर, काठीने खड्डा करून.

आजार, घरचं कारण, काहीही झालं आणि थांबावं लागलं तर जिथे थांबलात ती जागा नीट लिहून ठेवा आणि तिथूनच पुढे सुरू करा. खंडाखंडाने करणारे पुष्कळ आहेत. सनातनी मंडळींना ते मान्य नसतं, माझ्या मते संकल्प करतानाच 'शरीर साथ देईल तसं' असं म्हणून घ्यावं, म्हणजे सुजलेल्या गुडघ्यावर जिद्दीने चालून तो कायमचा घालवायची वेळ येत नाही. जायच्या आधी एकदा चव घ्यायची असेल तर चैत्रात रामपुरा-तिलकवाडा दरम्यानची उत्तरवाहिनी परिक्रमा एका दिवसात होते. तिच्यात नावेने तट बदलण्याची रीतच आहे. तो एक दिवस पूर्ण वजनाची पिशवी घेऊन करा.

ओंकारेश्वरला परत पोचल्यावर गोमुख घाटावर पूजा, कन्याभोजन आणि कढाई, म्हणजे शिऱ्याचा प्रसाद. मग कुपी घेऊन पुलावरून बेटावर जायचं आणि ते जल ओंकारेश्वराला वाहायचं. सुरुवात दुसरीकडून केली असेल तरी शेवटी जल वाहायला इथेच येतात. कुपीत थोडं राखून ठेवा, ममलेश्वरालाही लागतं.